तीन चाकांचा हिशेब
(वटार येथे शेतकऱ्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज बैठकीला नेहमीपेक्षा गर्दी जास्त आहे. ती माझे भाषण ऐकायला जमली आहे असा माझा गैरसमज नाही. बाहेर अंगणात जे वाहन उभे आहे ते पाहायला निम्मे लोक आले आहेत. पोरांनी त्याचे नाव ‘विंचू’ ठेवले आहे. पुढे एक चाक, मागे दोन, मध्ये जुन्या रिक्षाचे इंजिन आणि वर फळ्यांचा हौदा. दिसायला ते बेढब आहे. पण गेल्या हंगामात या विंचवाने एका वाडीतली केळी, नारळ आणि शेणखत वाहिले, आणि त्याच्या आधीच्या भावाने आमच्यातल्या एकाचा पाय मोडला. मला आज या दोन्ही गोष्टींवर बोलायचे आहे.

आधी हे विचारा की असले काही करण्याची गरजच काय होती. मी शेतकी कॉलेजात शिकलो. तिथे आम्हाला अन्नद्रव्ये शिकवली, रोग शिकवले, एकरी उत्पन्न कसे वाढवायचे ते शिकवले. पिकलेला माल कुंपणाच्या बाहेर कसा काढायचा यावर चार वर्षांत एक तासही झाला नाही. जणू माल आपल्या पायांनी चालत दादरला जातो! वाड्यांमधून हिंडायला लागलो तेव्हा कळले की वसईच्या बागायतीचे खरे दुखणे तिथेच आहे. आपल्या वाड्या रस्त्याला लागून नाहीत. एका कुंपणाच्या आत दुसरे कुंपण, मध्ये बावखल, बावखलाच्या कडेने चार फुटांची वाट, वाटेत भावकीचा माड. टेंपो येतो तो डांबरीपर्यंत. तिथून आत तीनशे मीटर, कुठे चारशे, ही वाट माणसाच्या डोक्यावरूनच चालते. त्यातही जास्त करून बाईच्या डोक्यावरून.

हिशेब मांडू. केळीचे चाळीस लोंगर काढले. एक लोंगर पंधरा किलोचा धरा, सहाशे किलो झाले. एका खेपेला माणूस दोन लोंगर, म्हणजे तीस किलो नेतो. वीस खेपा झाल्या. वाट तीनशे मीटरची, जाऊन येऊन सहाशे. वीस खेपांचे बारा किलोमीटर होतात, त्यातले सहा डोक्यावर ओझे घेऊन. आणि हे सगळे टेंपो यायच्या आत, अंधारात. पावसाळ्यात याच वाटेचा चिखल होतो, समुद्राकडच्या बाजूला वाळूत पाय रुततो. आता मला सांगा, ज्या घरातला मुलगा विरारहून लोकल पकडून नोकरीला जातो त्या घरात या वीस खेपा कोण करणार? आई साठीला टेकली. मजूर मिळत नाही, मिळाला तर त्याची मजुरी आणि त्या दिवशीचा केळीचा भाव यांची गाठ पडत नाही. मग एक दिवस वाडीवाला म्हणतो, जाऊ दे. वाडी ओसाड पडते. ओसाड वाडी बघायला कोण येतो ते तुम्हाला सांगायला नको, तो मोजणीची टेप घेऊनच येतो. 1990 मध्ये सिडकोकडे या भागाचे नियोजन गेले तेव्हापासून आपण जमिनीसाठी भांडत आलो आहोत. ते भांडण खरे आहे. पण काही वाड्या कोणी हिसकावल्या नाहीत, त्या या तीनशे मीटरमध्ये मेल्या.

कोणी म्हणेल, पॉवर टिलर घ्या, त्याला ट्रॉली लावा. ज्याची वाट रुंद आहे त्याने जरूर घ्यावा. त्याने आमच्यासारखे उद्योग करू नयेत, हे मी स्पष्ट सांगतो. तयार यंत्र मिळत असेल तर घरी बनवण्यात काही मर्दुमकी नाही. पण बारा-तेरा हॉर्सपॉवरचा टिलर चारेकशे किलोचा असतो. ट्रॉली जोडली की बावखलाच्या कोपऱ्यावर तो वळत नाही, आणि अडकला तर मागे घेताना बाईमाणसाला तो आवरत नाही. आमची गरज होती ती चार फुटांच्या वाटेत मावेल, चार मीटरच्या वळणात वळेल, दोनशे किलो नेईल आणि माणसाच्या चालीने चालेल अशा गाडीची. ती दुकानात नव्हती.

आपण काही जगावेगळे करत नव्हतो. आपल्या शेजारच्या गुजरातेत, अमरेली जिल्ह्यातल्या मोटा देवळिया गावचे मनसुखभाई जगानी यांनी 1994 मध्ये बुलेट मोटारसायकलचे मागचे चाक काढले, त्या जागी दोन चाकांचा सांगाडा बसवला आणि त्याला कुळव, पेरणीची अवजारे जोडली. दुष्काळाचा मुलूख, बैल पोसणे परवडेना, ट्रॅक्टर घेण्याइतकी जमीन नाही. त्यांच्या त्या ‘बुलेट सांती’ला पुढे भारताचे आणि अमेरिकेचेही पेटंट मिळाले. अहमदाबादच्या प्राध्यापक अनिल गुप्ता यांच्या मंडळींनी त्यांना साथ दिली. सौराष्ट्रातला छकडाही तसाच, पुढे बुलेटचा भाग आणि मागे दोन चाकांची गाडी. आधी गॅरेजांत बनला, मग कारखान्यात बनू लागला. आपण ज्याला टेंपो म्हणतो तो शब्द तरी कुठला? फिरोदियांच्या बजाज टेंपो कंपनीने 1958 पासून जर्मन परवान्यावर तीनचाकी मालगाडी काढली, तिच्या नावावरून. आज चार चाकांच्या गाडीलाही आपण टेंपो म्हणतो, इतके ते तीनचाकी आपल्या अंगवळणी पडले.

आपल्या सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे गाव आहे, यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तिथले दत्तात्रय लोहार यांनी दुचाकीचे आणि भंगाराचे भाग जमवून किक मारून सुरू होणारी छोटी जीप केली. खर्च साठ हजारांच्या आसपास. 2021 च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी तिचे जाहीर कौतुक केले. ही गाडी नियमात बसत नाही हेही त्यांनी त्याच वेळी सांगितले, आणि तिच्या बदल्यात लोहारांना नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी 2022 मध्ये बोलेरो त्यांच्या दारात आली. चांगले झाले, मला आनंद आहे. पण ज्या गाडीने हे सारे घडवले तिच्या नशिबी रस्ता नव्हता, शोभेची जागा होती. या गोष्टीकडे मी पुढे येतो.

आता आमच्या पराक्रमाकडे. आम्ही चौघे. एक वेल्डर, एक रिक्षाचा मिस्त्री, एक वाडीवाला आणि चौथा मी, ज्याला यंत्रातले शून्य कळते. तीनच चाके का, तर त्याची कारणे चांगली आहेत. तीन पायांची तिवई कुठल्याही खडबडीत जमिनीवर डुगडुगत नाही, चार पायांचे टेबल डुगडुगते. तीन चाके नेहमी जमिनीला टेकलेली राहतात, म्हणून सांगाडा पिळवटत नाही आणि मागे भारी शॉकअप लागत नाहीत. पुढे एकच चाक असले की मोटारसायकलचा फोर्क आणि हँडल जसेच्या तसे वापरता येते, स्टिअरिंगची भानगड नाही. आणि वळायला जागा कमी लागते. या सगळ्या गोष्टी खऱ्या आहेत. त्या इतक्या खऱ्या आहेत की माणूस पुढचा विचारच करत नाही. आम्हीही केला नाही.

पहिली गाडी आम्ही शंभर सीसीच्या मोटारसायकलवरून केली. मागचे चाक काढले, लांब दांडा टाकला, त्याला बेअरिंग आणि दोन चाके. चेन एकाच चाकाला जोडली, दुसरे मोकळे. खर्च वाचला. वाळूत नेली तर जोडलेले चाक जागच्या जागी खड्डा खणू लागले आणि मोकळे चाक स्वस्थ बघत बसले. मग दोन्ही चाके एकाच दांड्याला पक्की केली. आता वाळूत चालली, पण वळेना. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचे असते आणि आतल्याला कमी. दोघांना एका दांड्यात बांधले की ती दोघे मिळून गाडी सरळ ढकलतात आणि पुढचे बिचारे चाक वळलेल्या स्थितीत घसरत जाते. बावखलाच्या कोपऱ्यावर हँडल पूर्ण वळवलेले आणि गाडी नाकासमोर पाण्याकडे! माडाने वाचवले.

शिवाय इंजिन तापायचे. मोटारसायकलच्या इंजिनाला वारा थंड करतो, वारा गाडीच्या वेगाने येतो, आणि आम्ही चालणार बैलाच्या चालीने. दोनशे किलो ओझे घेऊन पहिल्या गिअरमध्ये पाच मिनिटे गेलो की क्लचचा वास यायला लागायचा. मिस्त्रीने मधला शाफ्ट टाकून गिअरिंग दुप्पट केले, क्लच वाचला, पण ताप राहिला.

हे सगळे चिल्लर होते. मुख्य चूक कोणाच्या लक्षात आली नाही. कारण ती दिसत नाही.

झाले असे की लोंगर उभे रचले होते, वर दोन नारळाची पोती. बांधावरून खाली उतरून डावीकडे वळायचे. आमचा वाडीवाला मित्र चालवत होता. वेग काही फार नव्हता, सायकलवर पोरे याहून जोरात जातात. वळणात त्याला वाटले जरा जास्तच झाला, म्हणून त्याने ब्रेक दाबला. गाडी उजवीकडे पुढच्या अंगाने कलली. माणूस अशा वेळी काय करतो? सायकलच्या सवयीने पाय टेकवतो. त्याने पाय टेकवला आणि मागचे चाक त्या पायावरून गेले. नडगीचे हाड मोडले. तीन महिने तो खाटेवर होता आणि त्याच्या वाडीच्या वीस खेपा त्याच्या बायकोने केल्या. ज्या कामातून तिला सोडवायचे म्हणून गाडी केली ते काम गाडीने तिच्यावर दुप्पट लादले. ती वहिनी आज इथे बसली आहे. तिने आम्हाला जे सुनावले ते मी शब्दांकनात येऊ देणार नाही, पण तिचा एक प्रश्न सांगतो. ती म्हणाली, “तुम्ही शिकलेली माणसं, आधी कागदावर का नाही पाडलीत ती गाडी?”

मग आम्ही कागदावर पाडली. खडू घ्या, जमिनीवर तीन चाकांच्या जागी तीन खुणा करा आणि त्या रेघांनी जोडा. त्रिकोण झाला. गाडी, माणूस आणि माल या सगळ्यांच्या वजनाचा मध्य जिथे येतो त्याची सावली या त्रिकोणात पडली पाहिजे. गाडी उलटते ती मागच्या चाकाच्या बाहेर नाही, पुढचे चाक आणि मागचे चाक जोडणाऱ्या तिरप्या रेघेवरून. इथेच फसगत होते. मागची दोन चाके तीन फुटांवर आहेत म्हणजे आपण तीन फूट रुंद गाडीवर बसलो आहोत असे वाटते. खरे म्हणजे जितके पुढे बसाल तितकी तुमची गाडी अरुंद.

आमच्या पहिल्या गाडीच्या मागच्या चाकांत 90 सेंटिमीटर अंतर होते, पुढचे चाक मागच्या दांड्यापासून 150 वर. वजनाचा मध्य मागच्या दांड्याच्या पुढे 50 सेंटिमीटर. चार चाकांच्या तेवढ्याच रुंद गाडीत मध्यापासून कड 45 सेंटिमीटरवर असती. आमच्या गाडीत ती तिरपी रेघ 29 सेंटिमीटरवर होती. वजनाचा मध्य जमिनीपासून 60 सेंटिमीटर उंच असेल तर अशी गाडी साधारण 25 अंशांच्या उताराला आडवी कलते. पण आम्ही लोंगर उभे रचले, वर पोती टाकली, मध्य गेला 90 सेंटिमीटरवर. आता ती 18 अंशांनाही टिकत नाही. चार मीटरच्या वळणात ताशी 12-13 किलोमीटर वेगाला गाडी चाक उचलणार, हे उत्तर गणितातून येते. आणि वळणात ब्रेक दाबला की भार पुढे सरकतो, म्हणजे त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे. जे गाडी वाचवायला केले त्यानेच ती पडली.

हे गणित करायला आम्हाला एक संध्याकाळ लागली. दहावीच्या भूमितीच्या पलीकडचे त्यात काही नाही. ती संध्याकाळ आधी दिली असती तर नडगी शाबूत राहिली असती.

आणि हा धडा जगाने आधीच शिकून ठेवलेला होता. जपानच्या होंडा कंपनीने 1970 मध्ये अमेरिकेत फुग्यासारख्या रुंद टायरांची तीनचाकी काढली. वाळूत, बर्फात, चिखलात चालणारी. फार खपली, इतर कंपन्याही उतरल्या, शेतकरीही वापरू लागले. पण वळणात उलटणे, पाय टेकवणे आणि मागचे चाक पायावरून जाणे, हे तिकडेही घडले. माणसे मेली, त्यात पोरे पुष्कळ. शेवटी 1988 मध्ये तिथल्या सरकारशी झालेल्या समझोत्यात कंपन्यांनी नव्या तीनचाकी विकणे बंद केले आणि सारे चार चाकांवर गेले. होंडाच्या इंजिनियरांना चकवणारी गोष्ट वटारच्या चौघांना चकवेल यात नवल नाही. पण आपल्याला ते आता माहीत आहे, तेव्हा पुढे कोणी ‘माहीत नव्हते’ म्हणायचे नाही.

दुसऱ्या गाडीला आम्ही नोंदणी रद्द झालेल्या रिक्षाचा इंजिन-गिअरबॉक्सचा जोड घेतला. माझ्या मते आपल्यासारख्यांसाठी याहून चांगला माल भंगारात नाही. तिच्या इंजिनाला स्वतःचा पंखा असतो, त्यामुळे सावकाश चालतानाही थंड राहते. रिव्हर्स गिअर असतो. आणि डिफरन्शियल असते, म्हणजे आतले चाक कमी आणि बाहेरचे जास्त फिरते, गाडी वळते. या तिन्ही गोष्टी मोटारसायकलवर करायला गेलो तर लेथवाल्याचेच बिल रिक्षाइतके होईल.

मागच्या चाकांतले अंतर वाटेला मावेल तेवढे, 100 सेंटिमीटर केले. लांबी 170. हौदा दांड्याच्या अगदी वर न ठेवता दोन चाकांच्या मध्ये खाली उतरवला, इतका की लोंगर आडवेच ठेवावे लागतात, उभे राहतच नाहीत. पोरांना ते गैरसोयीचे वाटते, पण ती गैरसोय मुद्दाम ठेवली आहे. वजनाचा मध्य 50 सेंटिमीटरवर आणला. भरलेल्या गाडीत पुढच्या चाकावर एकूण वजनाचा चौथा हिस्सा राहील असा माल ठेवायचा. त्याहून कमी झाला तर बांध चढताना पुढचे चाक हवेत जाते आणि हँडल नुसते शोभेला उरते. आता हाच हिशेब 35 अंशांवर येतो. कागदावरचा आकडा मी निम्मा धरतो, कारण कागदावर खड्डे नसतात आणि टायर दबत नाही. तरीही चालेल.

पुढच्या चाकावर किती वजन आहे हे कसे कळणार? काट्यावर. पुढचे चाक व्यापाऱ्याच्या काट्यावर चढवायचे, मागची चाके तेवढ्याच उंचीच्या फळ्यांवर. काट्यावर आपला माल आयुष्यभर कमीच भरत आला आहे. तेव्हा काटा आपलाच घ्या!

कलण्याची परीक्षा माणूस बसवून घ्यायची नाही. हौद्यात वाळूची पोती, सीटवर माणसाच्या वजनाचे पोते, सांगाडा दोरखंडाने माडाला सैलसर बांधलेला. मग एका बाजूचे मागचे चाक जॅकने आणि फळ्यांनी उचलत जायचे. 35 सेंटिमीटर उचलले की सुमारे 20 अंश होतात. तिथे गाडी शांत उभी राहिली पाहिजे. आम्ही दोनदा केली. पहिल्यांदा पोते सरकले, तेव्हा लक्षात आले की माल बांधला नाही तर वळणात तोही सरकणार. त्या दिवसापासून हौद्याला कड्या आहेत.

टायरचे सांगतो, कारण वाळूवाल्या भागातले लोक यावर हटकून चुकतात. रुतली की रेस देतात. रेस दिली की चाक विहीर खणते. टायरमधली हवा जितक्या दाबाची, साधारण तितक्याच दाबाने टायर जमिनीवर बसतो. तीस पौंडाची हवा दहावर आणली की टायर पसरतो, जमिनीला टेकणारा भाग जवळजवळ तिप्पट होतो आणि गाडी वाळूवर तरंगल्यासारखी जाते. वेग चालण्याइतकाच आहे म्हणून कमी हवा चालते. नक्षीसाठी आम्ही पॉवर टिलरचे खाचांचे टायर बसवले. हब जुळवण्यात वेल्डरचे पंधरा दिवस गेले. टायर मोठा झाल्याने गाडी उंच झाली आणि चाकाची ओढ कमी झाली, म्हणून हौदा अजून खाली घ्यावा लागला आणि गिअरिंग पुन्हा बदलावे लागले. एक गोष्ट बदलली की तीन गोष्टी बदलतात, याची तयारी ठेवा.

ब्रेक मागच्या दोन्ही चाकांना हवा, आणि उतारावर उभी करायला हातब्रेक वेगळा. मागचे चाक आणि चालवणाऱ्याचा पाय यांच्यामध्ये पत्र्याची आडभिंत हवी, पाय टेकवायचा म्हटला तरी टेकवता येऊ नये अशी. फिरणारा प्रत्येक भाग झाकलेला. माझ्या बहिणी गाडीच्या मागेपुढे पदर खोचून काम करतात, फिरत्या शाफ्टने पदर धरला तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. हौद्यात कोणालाही बसवायचे नाही. सर्वांत जास्त मोडला जाणारा नियम हाच आहे, कारण पोरांना बसायचे असते आणि आजोबांना नाही म्हणवत नाही.

आता माझ्या धंद्यातले एक. केळीची मुळे वरच्या फूटभर थरातच पसरतात. गाडी मिळाली म्हणून झाडाजवळ फिरवाल तर ओली जमीन चेपली जाईल, पाणी साचेल, आणि वाहतुकीत कमावलेले घडाच्या वजनात गमवाल. गाडीची एकच वाट ठेवा, बाकी खांद्यावर. आणि बावखलाच्या कडेपासून हातभर नव्हे, दोन हात आत राहा. 2018 च्या जुलैत वसईत पाणी साचून राहिले होते, त्यानंतर काही कडा आतून पोकळ झालेल्या आम्ही पाहिल्या आहेत.

कायद्याकडे येतो. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात मोटार वाहनाची व्याख्या आहे. रस्त्यावर चालण्याजोगे यंत्राने चालणारे वाहन ते मोटार वाहन. त्यातून दोन गोष्टी वगळल्या आहेत, ज्या आपल्या कामाच्या. एक, फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरायचे खास वाहन. दुसरी, चारपेक्षा कमी चाकांचे आणि 25 सीसीपर्यंत इंजिनाचे वाहन. 25 सीसीत दोनशे किलो हलत नाहीत, म्हणून दुसरी सवलत आपल्या उपयोगाची नाही. राहिले बंदिस्त आवार. कुंपणाच्या आतली वाडी हे बंदिस्त आवार आहे असे आमचे म्हणणे आहे. पण एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जायला गावचा रस्ता वीस पावले जरी ओलांडला तरी ते म्हणणे लंगडे पडते. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की उत्तरेत चालणारे ‘जुगाड’ हे मोटार वाहनच आहे, त्याला नोंदणी, परवाना, विमा सगळे लागू. आणि मी न्यायालयाला दोष देत नाही. त्या जुगाडांखाली माणसे मेली आहेत, आणि विमा नसलेल्या गाडीने कोणाला उडवले तर भरपाई मालकाच्या घरादारातून जाते. तेव्हा विंचू डांबरीवर जाणार नाही. रिक्षा कापण्याआधी तिची नोंदणी रीतसर रद्द करून घ्या, तो कागद जपून ठेवा.

पण आपली मागणीही स्पष्ट असू द्या. शरद जोशींनी बाजाराच्या स्वातंत्र्याबरोबर तंत्रज्ञानाच्या स्वातंत्र्याची मागणी केली. तेव्हा पुष्कळांना वाटले की हे फक्त बियाण्यापुरते आहे. ते अवजाराचेही आहे. आज शेतकऱ्याने स्वतः केलेल्या गाडीला दोनच जागा आहेत, भंगार नाहीतर शोभेचा चौथरा. मधली जागा कायद्यात नाही. आपण मागतो ती एवढीच, की शेतमालासाठी घरी बनवलेल्या, ताशी पंधरा किलोमीटरच्या आतल्या वाहनांचा वेगळा वर्ग करा. तालुक्याला त्यांची तपासणी करा. ब्रेक तपासा, दिवे तपासा, उतारावर आडवी उभी करून पाहा. पास झाली तर ठरलेल्या गावरस्त्यावर चालू द्या, विमा द्या. नापास झाली तर का झाली ते लिहून द्या. सूट नको, परीक्षा हवी. 2014-15 मध्ये ई-रिक्षासाठी नियम आणि कायदा बदलला गेला, म्हणजे करायचे म्हटले तर होते.

ई-रिक्षावरून आठवले. आमची तिसरी गाडी तिच्याच मागच्या दांड्यावर करायचा विचार आहे. त्यात मोटर आणि डिफरन्शियल एकत्र येते, क्लच नाही, धूर नाही, आणि बॅटऱ्या तळाशी ठेवल्या की वजनाचा मध्य आपोआप खाली जातो. वाळूत मोटर तापते ही तिची खोड, आणि पावसाळ्यात पाण्यापासून जपणे हे दुसरे. वेल्डरचा विरोध आहे, तो म्हणतो इंजिन परवडले, बिघडले तर आवाजावरून कळते तरी. हा वाद आज इथे मिटणार नाही.

भाषण संपले की बाहेर या. मापांचा कागद तिथेच हौद्यावर चिकटवला आहे, ज्याला हवा त्याने उतरवून घ्यावा, पैसे नाहीत. टेप आणि खडूही ठेवला आहे. चावी मात्र माझ्याकडे नाही, ती त्या वहिनीकडे आहे. ज्याला चालवून पाहायची असेल त्याने आधी जमिनीवर त्रिकोण काढून वजनाचा मध्य कुठे येतो ते तिला दाखवायचे, मग ती चावी देईल. मला तिने दुसऱ्या प्रयत्नात दिली.